घरातल्या बाईला शुगर निघाली, तर घरानं काय करायचं

साताऱ्या-सांगलीकडच्या घरात एखाद्या बाईला शुगर निघाली की पहिल्याच आठवड्यात प्रत्येक जण तिच्या ताटात डोकवायला लागतो. तिच्या कामातलं मात्र काही कमी होत नाही. पहाटे नळाला पाणी आलं की उठायचं, डबे, भाकऱ्या, धुणं, गुरं नाहीतर नोकरी, सासऱ्यांचं औषध, आणि सगळ्यांना वाढून झाल्यावर शेवटी आपण जेवायचं, हे तसंच चालू राहतं. त्यात "भात कशाला घेतलास?" हा नवा प्रश्न येतो. तीन महिन्यांनी एचबीएवनसीचा, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणाऱ्या रक्ततपासणीचा, आकडा होता तिथंच असतो आणि घर म्हणतं, "ही ऐकतच नाही."

हे लेखन मुख्यतः त्या घरासाठी आहे. नवरा, सासू, जाऊ, सून, मुलगा, मुलगी, ज्यांच्या हातात काही बदलणं आहे त्यांच्यासाठी. गोळीचा आणि इन्सुलिनचा डोस डॉक्टर ठरवतात. पण ती गोळी किती वाजता पोटात जाते, त्यानंतर जेवण कधी मिळतं, रात्री झोप किती होते, हे घरच ठरवतं. तिच्यावर नजर ठेवायला जितका वेळ जातो, तेवढ्या वेळात तिचं एक काम उचललं तर साखर जास्त लवकर आटोक्यात येते.

शेवटी जेवणं आधी थांबवा

सुरुवात इथून करा. याला एक रुपया लागत नाही, आणि न केल्यास धोका मोठा आहे.

३०/७० म्हणून मिळणारं मिश्र ह्यूमन इन्सुलिन जेवणाआधी साधारण ३० मिनिटं घ्यायचं असतं. बाई साडेसातला सुई घेते. मग सासऱ्यांना वाढते, मुलांना गरम भाकरी देते, नवरा आठ वाजून दहा मिनिटांनी हातपाय धुऊन बसतो, आणि ती स्वतः पावणेनऊला ताटावर येते. सव्वा तास इन्सुलिन रक्तात काम करतंय आणि पोटात काही नाही. साखर उतरते, घाम फुटतो, हात थरथरतात. असं दोनदा झालं की तिला धास्ती बसते आणि ती सुई जेवणानंतर घ्यायला लागते, नाहीतर चुकवते. मग रात्रभर साखर चढलेली. घर म्हणतं ती निष्काळजी आहे. खरी चूक वाढण्याच्या क्रमात आहे.

ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या गोळ्यांचंही थोडंफार असंच. गोळी घेतली आणि न्याहारी अकरापर्यंत लांबली, तर साखर पडू शकते. नुसत्या मेटफॉर्मिनवर असलेल्या बाईला तो धोका फारसा नसतो. पण आपल्याकडे एकाच गोळीत दोन-तीन औषधं एकत्र असतात, म्हणून पाकिटाची मागची बाजू वाचा. त्यावर प्रत्येक घटकाचं नाव छापलेलं असतं. ती नावं एका कागदावर लिहून फ्रिजवर किंवा देवघराशेजारी चिकटवा. पुढं बऱ्याच ठिकाणी हा कागद लागणार आहे.

आता क्रम असा लावा. भाकऱ्या आधी करून फडक्यात गुंडाळून दुरडीत ठेवायच्या. ज्याला तव्यावरचीच हवी त्यानं तवा स्वतः सांभाळायचा. तिचं ताट वाढून तयार झालं की मगच सुई, आणि तिथून तीस मिनिटं मोजून जेवण. ती पहिल्या पंगतीला बसेल, आणि त्या वेळी उठून वाढायचं काम दुसऱ्या कोणाचं तरी असेल. तो माणूस आधीच ठरलेला हवा, "कोणीतरी वाढेल" म्हटलं की तीच उठते. इन्सुलिन नव्या प्रकारचं असेल तर जेवणाआधीचं अंतर वेगळं असतं, ते डॉक्टरांना विचारून त्याच कागदावर लिहा.

पहिले चार दिवस ती अवघडून बसेल. घास तोंडात असताना उठेल. इथं डॉक्टरांच्या शब्दापेक्षा सासूबाईंचा शब्द चालतो. "अगं, तू बस आधी, मी बघते यांचं," एवढं त्यांनी एकदा चारचौघांत म्हटलं की प्रश्न मिटतो. शुगर सासूबाईंनाच असेल तर सुनेनं, "आत्या, तुमचं ताट वाढलंय, आधी तुम्ही बसा," असं रोज त्याच वेळी म्हणायचं. नुसतं "जेवून घ्या" म्हटलं तर म्हातारी माणसं "होऊ दे सगळ्यांचं" म्हणतात. वाढलेलं ताट समोर आलं की ती नाकारत नाहीत.

द्राक्षाच्या छाटणीला किंवा उसाच्या भांगलणीला सकाळी सातला निघणाऱ्या बाईनं न्याहारी घरीच करून निघावं. शेतावर दहाला खाऊ म्हटलं की ते साडेअकराला होतं.

दोन चुली मांडू नका

"तुझं पथ्याचं वेगळं कर" हे ऐकायला काळजीचं वाटतं. पण ते वेगळं करणारीही तीच असते. दोन भाज्या, दोन आमट्या, दोन प्रकारची पोळी. तीन आठवड्यांत ती कंटाळते आणि सगळ्यांचंच खायला लागते. म्हणून स्वयंपाक एकच, आणि तो सगळ्यांसाठी सुधारलेला. यात बाकीच्यांवर उपकार नाहीत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह आणि आणखी १५.३ टक्के लोक त्याच्या उंबरठ्यावर आढळले. ज्यांच्या आईला शुगर आहे, त्या मुलांना हा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. तेच जेवण त्यांनाही लागू आहे.

भाकरीपासून सुरू करू. "ज्वारीची भाकरी शुगरला चालते" हे खरं, पण किती मोठी हे कोणी सांगत नाही. १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठात साधारण ६८ ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे पोटात गेल्यावर ज्याची साखर होते तो भाग, असतात. आपल्याकडची ताटभर भाकरी ८० ते १०० ग्रॅम पिठाची होते. अशा दोन भाकऱ्या आणि शेवटी आमटीभात म्हणजे एका जेवणात दीडशे ग्रॅमच्या वर कर्बोदकं गेली. एकदा वजनकाट्यावर ५० ग्रॅम पीठ मोजा, ते घरातल्या कोणत्या वाटीत बसतं ते बघा, आणि ती वाटी पिठाच्या डब्यातच ठेवून द्या. त्या वाटीची एक भाकरी. एका जेवणाला किती, हे वजन, वय, काम आणि औषधं बघून डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञ सांगतील. पण "दोन भाकऱ्या" म्हणजे नेमकं किती, हे तरी आता सगळ्यांना एकसारखं कळेल.

भात आणि भाकरी दोन्ही हवं असेल तर भाकरी अर्धी करायची. शिजलेल्या एका वाटी भातात, साधारण १५० ग्रॅममध्ये, ४० ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात. ताटाचा अर्धा भाग भाजीचा: मेथी, शेपू, चाकवत, दोडका, गवार, कोबी, काकडीची कोशिंबीर. पाव भाग उसळ, पिठलं, अंडं, मासा किंवा चिकनचा. उरलेल्या पावात भाकरी नाहीतर भात. कराड-इस्लामपूरचा अख्खा मसूर या हिशेबात छान बसतो. बिघडतं ते वरच्या तेलाच्या तवंगानं आणि त्याच्यासोबत येणाऱ्या मैद्याच्या रोटीनं. आधी भाजी-उसळ निम्मी खाऊन मग भाकरी मोडली तर जेवणानंतरची साखर कमी उसळते. हे करून बघायला सोपं आहे, कारण यात काहीच सोडायचं नसतं.

चहाचं वेगळं सांगायला हवं. घरात चहा एका पातेल्यात, साखर घालूनच उकळतो. दिवसाला पाच कप, प्रत्येकात दोन चमचे, म्हणजे ४० ते ५० ग्रॅम साखर नुसत्या चहातून. साखर पातेल्यात टाकणं बंद करा, ज्यानं त्यानं कपात घ्यावी. तिची साखर एकदम शून्यावर आणू नका. दोन चमच्यांवरून दीड, दहा दिवसांनी एक, आणखी दहा दिवसांनी अर्धा. जीभ तेवढ्यात सरावते. आणि गूळ साखरेच्या जागी घातला तर काही साधत नाही. गुळातही बहुतेक साखरच असते, आणि गूळ "चालतो" म्हणून जास्त पडतो.

"एवढ्यानं काय होतंय"

जत्रा, हळदीकुंकू, बारसं, पाहुणचार. या भागात आग्रहाला नाही म्हणणं म्हणजे मान न राखणं. तिला एकटीला नाही म्हणायला लावलं तर ती चार घरी नाही म्हणेल आणि पाचव्या घरी दोन कंदी पेढे खाईल. तिच्याबरोबर गेलेल्या माणसानं आधी बोलावं. नवऱ्यानं किंवा सासूबाईंनी, हसून, एकच वाक्य: "बांधून द्या, घरी नेतो." यात नकार नाही, यजमानाचा मानही राहतो. पेढा घरी येतो आणि पोरांत वाटला जातो. ज्या घरी नेहमी जाणं असतं तिथं आधी फोन करून "वहिनींना बिनसाखरेचा चहा टाका" सांगितलं की तिला तिथं आजाराची चर्चा करावी लागत नाही. पुष्कळ बायकांना त्या चर्चेचाच जास्त त्रास होतो.

उसाचा रस औषधी म्हणून पाजू नका. २०० मिलीच्या ग्लासात २५ ते ३० ग्रॅम साखर असते. बेदाण्याचंही तेच, मूठभर म्हणता म्हणता खूप होतात.

उपासाच्या बाबतीत घरानं जपून वागायला हवं, कारण तिथं श्रद्धा आहे आणि ती थट्टेनं किंवा धाकानं सुटत नाही. नवरात्र, हरतालिका, वटपौर्णिमा यांच्या आधी दोन आठवडे डॉक्टरांना भेटून, वर सांगितलेला गोळ्यांचा कागद दाखवून, त्या दिवसाचा डोस विचारून घ्या. इन्सुलिन, ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड असेल तर उपाशीपोटी साखर पडते. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन असेल तर निर्जळी उपास टाळायलाच हवा. ही औषधं लघवीवाटे साखर आणि पाणी बाहेर टाकतात. अंगातलं पाणी कमी होऊन, साखर फार वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साचू शकतं. मळमळ, पोटदुखी, धाप लागणं ही त्याची लक्षणं, आणि त्यावर उपाय दवाखान्यातच होतो.

एरवीच्या उपासाला साबुदाण्याची खिचडी हेच सगळ्यात वाईट जेवण, कारण साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. राजगिऱ्याची छोटी भाकरी, लाल भोपळ्याची किंवा काकडीची दह्यातली कोशिंबीर, दाण्याची आमटी आणि थोडी वरी, ताक, हे बरं. बोटाच्या तपासणीत साखर ७०च्या खाली गेली तर उपास तिथंच सोडायचा, हे आदल्या दिवशी सासूबाईंनी तिला स्वतःच्या तोंडानं सांगून ठेवलेलं असावं. आयत्या वेळी ती विचारत नाही.

साखर उतरली तर

घरातल्या दहा वर्षांच्या पोरापासून सगळ्यांना हे यायला हवं. खुणा: घाम, थरथर, धडधड, एकदम भूक, डोळ्यांपुढं अंधारी, बोलणं अडखळणं, आणि अचानक चिडचिड. ही चिडचिड घरात भांडण म्हणून घेतली जाते. जेवणाची वेळ टळलेली असताना ती विनाकारण वैतागली, तर उत्तर देण्याआधी बोटाची साखर तपासा. पण तिच्या प्रत्येक रागावर "शुगर बघ तुझी" म्हणायची सवय लावून घेऊ नका. बहुतेक वेळा तिच्या रागाला कारण असतं.

आकडा ७०च्या खाली असेल, किंवा साखर मोजायचं मशीन हाताशी नसेल आणि खुणा दिसत असतील, तर अर्धा ग्लास पाण्यात तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर ढवळून द्या. साधारण १५ ग्रॅम. पंधरा मिनिटं थांबा, पुन्हा तपासा. अजून कमी असेल तर तेवढंच पुन्हा. वर आल्यावर भाकरीचा तुकडा किंवा दूध-पोळी. पेढा, बर्फी, चॉकलेट या वेळी उपयोगाचं नाही, त्यातल्या तुपा-खव्यामुळं साखर रक्तात हळू पोचते. आणि गोळ्यांच्या कागदावर व्होग्लिबोज किंवा अकार्बोज हे नाव असेल तर साधी साखर आणि गूळही लवकर काम करत नाहीत, कारण ती गोळी साखर फोडण्याचं कामच आतड्यात अडवते. अशा घरात ग्लुकोज पावडरचा डबा असलाच पाहिजे. एक पुडी तिच्या पिशवीत, एक शेतावरच्या डब्यात.

शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, पाणीसुद्धा नाही. कुशीवर वळवा आणि १०८ला फोन करा. ग्लिमेपिराइडमुळं उतरलेली साखर वर आल्यावर काही तासांनी पुन्हा उतरू शकते, म्हणून "आता बरी आहे" म्हणून दवाखान्यातून लगेच घरी आणायची घाई करू नये.

धसका आणि टेन्शन

"पोराच्या काळजीनं शुगर झाली" असं आपल्याकडं सर्रास म्हणतात. नुसत्या काळजीनं मधुमेह होत नाही. आनुवंशिकता, वजन, वय, कमी हालचाल, गरोदरपणात वाढलेली साखर ही त्याची मुळं. पण असलेली साखर काळजीनं चढते, यात शंका नाही. मनावर ताण आला की शरीर अॅड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरकं सोडतं. यकृत साठवलेली साखर रक्तात ओततं आणि इन्सुलिनचा जोर कमी पडतो. रात्री भांडण झालं की सकाळचा उपाशीपोटीचा आकडा तेच जेवण असूनही जास्त येऊ शकतो. शिवाय ताणात झोप जाते, गोळी चुकते, चहा वाढतो.

अमेरिकेत राहणाऱ्या लॅटिना बायकांच्या, म्हणजे मेक्सिको, पोर्टो रिको, मध्य अमेरिकेकडून आलेल्या घरांतल्या बायकांच्या मधुमेहावर बराच अभ्यास झाला आहे. तिथं कुटुंबाला सगळ्यात वर ठेवण्याच्या रीतीला 'फामिलिस्मो' म्हणतात. घर हा त्या बाईचा मोठा आधार असतो, आणि घरापायीच ती स्वतःच्या तब्येतीला शेवटचा नंबर देते, हे त्या अभ्यासांत वारंवार दिसतं. तिथल्या अनेकांची समजूत आहे की 'सुस्तो' म्हणजे अचानक बसलेल्या भीतीनं मधुमेह होतो. आपला 'धसका' तोच. त्या वस्त्यांमध्ये 'प्रोमोतोरा' म्हणून त्याच समाजातल्या शिकवलेल्या बायका घरोघरी जातात, आणि स्वयंपाक कोण करतं, कोणासाठी करतं इथपासून घरातल्यांशी बोलतात. आपल्याकडं आशाताई येतात तेव्हा त्यांना ओट्यावरून परत पाठवण्याऐवजी सगळ्यांनी बसून ऐकलं तर तेच काम होईल.

घरातून येणारा ताण दोन प्रकारांनी येतो. एक पाळतीचा: "किती आली आज शुगर? काय खाल्लंस?" दुसरा दुर्लक्षाचा: "होईल बरं, सगळ्यांनाच असते." पाळत जास्त झाली की ती चोरून खाते आणि आकडा खोटा सांगते. हे लबाडीनं होत नाही, रोजची उलटतपासणी चुकवायला होतं. म्हणून बोलणं बदला. "भात कशाला घेतलास?" ऐवजी जेवणाआधी, "आज मी पण भात अर्धाच घेतो." "फिरायला गेली नाहीस?" ऐवजी, "चल, भांडी मी घासतो, तू आणि वहिनी जाऊन या." आकडा जास्त आला तर चेहऱ्यावर नाराजी न आणता फक्त, "काल झोप लागली का?"

आठवड्यातून एकदा, रविवारी दुपारी म्हणा, दहा मिनिटं तिच्याशी बसा. टीव्ही बंद. विचारायचं ते एवढंच: या आठवड्यात काय जड गेलं, कोणतं काम कमी करू, आणि आमचं कोणतं बोलणं लागलं. शेवटच्याला पहिल्या दोन-तीन वेळा "काही नाही" उत्तर येईल. विचारत राहा. जे काम उचललं ते पुढच्या रविवारपर्यंत खरंच केलं गेलं, तर ती बोलायला लागते. सकाळचे डबे आठवड्यातून तीन दिवस दुसऱ्यानं केले, पहाटेचं पाणी नवऱ्यानं किंवा मुलानं भरलं, तर तिला तासभर जास्त झोप मिळते. सहा तासांपेक्षा कमी झोपेत इन्सुलिन नीट काम करत नाही, म्हणून हा तास औषधाइतकाच धरा.

शुगर सांभाळता सांभाळता जीव मेटाकुटीला आलाय, किंवा आपण यात सारख्या नापास होतोय, असं तिला वाटतंय का हे विचारा. उत्तर हो असेल तर डॉक्टरांना ते तसंच सांगा, उपचार सोपे करता येतात. पण दोन आठवडे सतत उदासी, रडू, कशातच मन नाही, जगणं नकोसं वाटणं असेल, तर तो वेगळा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी फोन दिवसरात्र मोफत चालतो आणि मराठीत बोलता येतं. घरात मारहाण किंवा दारूचा त्रास असेल तर १८१. अशा घरात पथ्याच्या गप्पा आधी सुरू करण्यात अर्थ नाही.

वही, मशीन, पाय

ग्लुकोमीटरची पट्टी महाग पडते, म्हणून रोज न मोजता शहाणपणानं मोजा. आठवड्यातले दोन दिवस, एकाच जेवणाच्या आधी आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी. पुढच्या आठवड्यात दुसरं जेवण. बहुतेकांसाठी जेवणाआधी ८० ते १३० आणि नंतर १८०च्या आत हे लक्ष्य असतं; म्हातारपणी किंवा साखर वरचेवर पडत असेल तर डॉक्टर ते सैल करतात. बोट साध्या पाण्यानं धुऊन कोरडं करा, सॅनिटायझरवर भागवू नका. तासगावकडं द्राक्ष तोडून आलेल्या किंवा गुऱ्हाळात काम केलेल्या हातानं तपासलं तर बोटावरच्याच साखरेमुळं आकडा खोटा जास्त येतो. पट्ट्यांची डबी घट्ट बंद ठेवा, पावसाळ्यात दमटपणानं त्या खराब होतात.

वहीत आकड्याशेजारी एक रकाना "काय झालं" असा ठेवा. पाहुणे, ताप, जागरण, भांडण, मासिक पाळी. महिनाभरात दिसतं की कोणत्या दिवशी साखर चढते. ही वही तिची आहे. घरच्यांनी ती न विचारता उघडू नये.

चालणं आठवड्याला १५० मिनिटं. अजिंक्यताऱ्यावर किंवा सांगलीच्या आमराईत जायलाच हवं असं नाही, जेवणानंतर अंगणात किंवा गच्चीवर दहा मिनिटं, दिवसातून तीनदा, हेही चालतं. एकटीनं जाणं गावात अवघड वाटत असेल तर दोघी जावांनी जावं.

पाय मात्र रोज. रात्री उजेडात तळवे आणि बोटांच्या बेचक्या दुसऱ्या माणसानं बघायच्या, तिला स्वतःला तळवा दिसत नाही आणि संवेदना कमी झाली असेल तर टोचलेलं कळत नाही. उसाच्या खोडव्यात खोडक्या लागतात, म्हणून रानात बंद बूट. अनवाणी प्रदक्षिणा नको. पाय शेकायला गरम पाण्याची पिशवी नको. जखम दोन दिवसांत सुकत नसेल तर हळद भरून थांबू नका.

दवाखान्यात जाताना

तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात आणि जिल्हा रुग्णालयात असंसर्गजन्य आजारांचा विभाग असतो, तिथं तपासणी आणि नेहमीची औषधं मिळतात. साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय, सांगलीत वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय. बाहेरून घ्यायची तर जनऔषधी केंद्रात तेच घटक स्वस्त असतात, फक्त कागदावरचं नाव आणि मिलिग्रॅम जुळवून घ्या. पैसे वाचवायला गोळी अर्धी करणं, जावेची गोळी घेणं, कुणीतरी दिलेली लेबल नसलेली पूड खाणं, यातलं काहीही करू नका. कारलं आणि मेथी भाजी म्हणून खुशाल खा, गोळी बंद करून त्यांचा रस पिऊ नका.

एचबीएवनसी आकडा ठीक होईपर्यंत दर तीन महिन्यांनी, मग सहा महिन्यांनी. डोळ्याच्या पडद्याची, लघवीतल्या प्रथिनांची आणि पायांची तपासणी वर्षातून एकदा. ताप, जुलाब किंवा उलट्या चालू असताना इन्सुलिन आपल्या मनानं बंद करू नका. साखर सलग दोनदा ३००च्या वर आली किंवा पोटात पाणी टिकत नसेल, तर त्याच दिवशी दवाखाना.

बरोबर एक माणूस जावा, वही, गोळ्यांचा कागद आणि रिकामी पाकिटं घेऊन. आत गेल्यावर तिच्याआधी बोलू नका. आणि डॉक्टरांनी तिला दोन मिनिटं एकटीला विचारावं म्हणून स्वतःहून बाहेर या. अंगावरून पांढरं जाणं, खाज, लघवीची जळजळ हे वाढलेल्या साखरेमुळं आणि डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्यांमुळंही होतं. आठ-आठ महिने बायका ते अंगावर काढतात, कारण खोलीत सासरा, दीर नाहीतर मुलगा उभा असतो.